स्किल चेक फेल गेला की खेळ का अडतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या खेळाची फिफ्थ एडिशन, डीएम (खेळ चालवणारा) नवा, चार खेळाडू. मनोऱ्याच्या दाराला कुलूप. चोराच्या पात्राने ते उघडायला स्किल चेक केला, म्हणजे कौशल्य आजमावायला वीस बाजूंचा फासा टाकला (रोल). डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ होता, हुकला. लगेच "थांब, मी बघतो" म्हणत बाकीच्या तिघांनी पाळीपाळीने फासे टाकले आणि तेही हुकले. शेवटी डीएमनेच "बरं, उघडलं एकदाचं" म्हणून सुटका करून घेतली. आत गेल्यावर लपवलेलं पत्र कोणालाच सापडलं नाही, आणि पुढची सगळी कथा त्या पत्रावर उभी. तर चेक फेल गेल्यावर डीसी खाली आणायचा, पडद्याआड आकडा बदलायचा, की पुन्हा टाकू द्यायचं?

हे तिन्ही उपाय फासा थांबल्यानंतरचे आहेत, आणि माझ्या मते तोवर उशीर झालेला असतो. तुम्ही रोल मागितलात तेव्हा कुलूप उघडल्यावर काय होणार हे तुमच्या डोक्यात स्पष्ट होतं. नाही उघडलं तर काय, याचा विचार झालेला नव्हता. त्यामुळे रोल हुकल्यावर जग होतं तिथेच राहिलं. तेच दार, तेच चौघे, वेळ गेलेला नाही, कोणाला चाहूलही लागलेली नाही. अशा वेळी दुसरा खेळाडू पुढे सरसावून फासा उचलतो, त्यात त्याचा काय दोष? काहीच बदललेलं नाही हे त्याने बरोबर ओळखलेलं असतं.

म्हणून रोल मागण्याआधी मी मनात दोन वाक्यं पूर्ण करतो. जमलं तर अमुक होईल. नाही जमलं तर तमुक होईल. दुसऱ्या वाक्यात "काही नाही" एवढंच येत असेल, तर फासे टेबलावरच राहू देतो.

हे सगळ्या टेबलांना सारखं लागू नाही, आणि का नाही ते समजून घेण्यासारखं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ सालच्या, टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या बेसिक नियमांत पहिल्या लेव्हलच्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता फक्त १५ टक्के होती. एकदा हुकला की पुढची लेव्हल मिळेपर्यंत त्या कुलपाला पुन्हा हात लावायचा नाही. आजच्या नजरेने हे क्रूर वाटेल. पण त्या काळी खेळ अडत नसे, कारण प्रत्येक प्रयत्नाची किंमत आपोआप वसूल होत होती. दहा मिनिटांची एक टर्न, सहा टर्नमध्ये मशाल संपणार, आणि दर दोन टर्नांनी डीएम भटके राक्षस येतात का ते बघायला फासा टाकणार. कुऱ्हाडीने दार फोडायचा पर्याय होता, पण त्याचा आवाज सगळीकडे जाणार. शिवाय त्या दारामागे जे होतं ते अनेक खोल्यांपैकी एका खोलीतलं होतं. नाही मिळालं तर पुढे चला.

आपण पुढे खेळाची घडण बदलली. कथा आली, खलनायक आला, एकामागून एक प्रसंग ओवले गेले. मशाली मोजणं कंटाळवाणं म्हणून सुटलं, भटके राक्षस सुटले, आणि दारामागे कथेचा पुढचा भाग ठेवायची सवय लागली. रोल मात्र जसाच्या तसा राहिला. त्याच्या अपयशाला वजन देणारं सगळं आपण काढून टाकलं, आणि आता रोल हुकल्यावर शांतता का पसरते म्हणून चक्रावतो. तुमच्या टेबलावर अजूनही वेळ, उजेड आणि आवाज यांचा काटेकोर हिशेब असेल, तर खाली लिहिलेलं निम्मं तुम्हाला लागणार नाही. तिथे "नाही उघडलं" हा पुरेसा निकाल आहे. नसेल तर ते वजन तुम्हाला दर वेळी हाताने घालावं लागेल.

आता ते दार. पहिला प्रश्न मी स्वतःला विचारतो: कोणी मागे लागलंय का? मनोरा ओसाड असेल, रात्र मोकळी असेल आणि चोराकडे अवजारं असतील, तर ते कुलूप उघडतंच. २००० सालच्या थर्ड एडिशनमध्ये यासाठी "टेक ट्वेंटी" असा सरळ नियम होता: अपयशाचा दंड नसेल तर वीसपट वेळ द्या आणि फाशावर २० पडले असं धरा. २०१४ च्या डीएम गाइडमध्येही तसंच काहीसं आहे, दहापट वेळ दिला की शक्य असलेलं काम होऊन जातं. बहुतेक नवे डीएम ते पान ओलांडून थेट डीसीच्या तक्त्यावर जातात.

गस्त फिरत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मी फासा टाकण्याआधीच मोठ्याने सांगतो: "हुकला तर कुलूप उघडेल, पण तोवर गस्तवाला वळणावर आलेला असेल. टाकायचं?" किंवा: "हुकला तर कुलूप उघडायचा हूक आतच तुटेल आणि हे दार तुमच्यासाठी बंद झालं असं समजा. खिडकी आहे, पण तिसऱ्या मजल्यावर." दोन्ही चालतात. पहिल्यात दार उघडतं आणि अडचण वाढते, दुसऱ्यात वाट बंद होते पण दुसरी समोर दिसते. खेळाडूने ऐकून "नको, आधी गस्तवाल्याला कुठेतरी नेऊ" असं म्हटलं तर उत्तमच. फासा न टाकताच त्यांनी एक चांगला निर्णय घेतला.

ल्यूक क्रेन यांच्या बर्निंग व्हील या २००२ च्या खेळात हा नियमच आहे. हुकल्यास काय होईल ते टाकण्याआधी सांगायचं. शिवाय एकदा पडलेलं दान परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत कायम राहतं, परत परत टाकायचं नाही. आधी सांगितलं तर उत्कंठा जाते असं अनेकांना वाटतं. मला उलटा अनुभव आहे. काय पणाला लागलंय ते सगळ्यांना माहीत असेल तर फासा गडगडत असताना कोणी मोबाइलकडे बघत नाही. अर्थात लपलेला सापळा मी आधी उघड करत नाही. पात्राला स्वतःच्या अनुभवातून जे कळू शकतं तेवढंच सांगायचं.

"मी पण बघतो" हा प्रकार मात्र नियमानेच थांबवावा लागतो, कारण गणित त्याच्या बाजूने आहे. काहीच मॉडिफायर (कौशल्यामुळे फाशात मिळवायचा आकडा) नसलेल्या माणसाला डीसी १५ गाठण्याची शक्यता ३० टक्के. असे चौघे एकापाठोपाठ टाकू लागले की निदान एकाचं तरी जमण्याची शक्यता ७६ टक्क्यांवर जाते. म्हणजे तुम्ही ठेवलेला अवघडपणा नावालाच उरतो. वर ज्या कुलपापुढे चोराने हात टेकले ते गदा घेऊन हिंडणाऱ्या पुजाऱ्याने उघडलं की चोर खेळणाऱ्याचं तोंड बघवत नाही. माझ्या टेबलावर अशा कामाला गटातर्फे एकच रोल असतो. ज्याचं कौशल्य सर्वांत चांगलं तो टाकतो, दुसरा कोणी मदत कशी करतोय ते सांगू शकला तर अॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा.

लपतछपत जाताना हेच गणित उलटं फिरतं. पाच जणांना प्रत्येकी ६५ टक्के संधी असली आणि प्रत्येकाचं जमायलाच हवं असं म्हटलं, तर सगळे सुखरूप पार होण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. डीएमला हे लक्षात येत नाही आणि मग खेळाडूंना "या खेळात स्टेल्थ कधी चालतच नाही" असं वाटू लागतं. फिफ्थ एडिशनमध्ये ग्रुप चेक याचसाठी आहे: निम्म्यांचं जमलं तर सगळ्यांचं जमलं.

पुन्हा टाकू देण्याबद्दल मला सगळ्यात पटलेला तोडगा कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळाच्या सातव्या आवृत्तीतला आहे. तिथे रोल "पुश" करता येतो, पण दोन अटींवर. आधीपेक्षा वेगळं काय करतोय ते खेळाडूने सांगायचं, आणि पुन्हा हुकला तर परिणाम मोठा आणि वाईट असणार हे मान्य करायचं. ही पद्धत कुठल्याही सिस्टिममध्ये उचलून नेता येते. "परत टाकू का?" असं कोणी विचारलं की मी विचारतो, "वेगळं काय करतोस?" याचं चांगलं उत्तर आलं की पुढचा प्रसंग बहुतेक वेळा त्या उत्तरातच सापडतो.

पत्राचा आजार वेगळा आहे. तिथे मुळात रोल असायलाच नको होता. ज्याच्यावाचून कथा पुढे सरकणार नाही ते फाशामागे ठेवायचं नाही, एवढं एक पथ्य मी कुठलीही सिस्टिम असली तरी पाळतो. रॉबिन लॉज यांनी गमशू ही तपासकथांच्या खेळांची सिस्टिम याच एका तक्रारीवर बांधली. २००७ मध्ये ती पहिल्यांदा आली. योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य ठिकाणी शोधत असेल तर महत्त्वाचा पुरावा मिळतोच, फासा नाही. तपासाची खरी मजा पुराव्यांचा अर्थ लावण्यात असते, ते हाती लागण्यात नसते, हा त्यामागचा विचार.

मग रोल मागायचाच नाही का? मागा, पण पत्र सापडलं की नाही हे ठरवायला नको. ते किती वेळात सापडलं, शोधताना मागे काय खुणा राहिल्या, पत्रासोबत आणखी काही मिळालं का, हे फाशावर सोडा. रोल हुकला तर पत्र मिळतं, पण ते वाचत असतानाच जिन्यावर पावलं वाजतात. किंवा पत्र मिळतं, पण टेबलाचा चोरकप्पा फोडावा लागतो आणि मालक परतला की त्याला पहिल्या नजरेत कळणार. कथा पुढे गेली आणि अपयशही वाया गेलं नाही. दुसरा आधार म्हणजे एकाच निष्कर्षाकडे नेणारे तीन तरी धागे पेरणं. अशा खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये हा सल्ला मांडला आणि तो आजही शिळा झालेला नाही. पत्र नाही तर राखेतला लाखेचा तुकडा, तोही नाही तर घाबरलेला नोकर.

ज्ञानाचे चेक, म्हणजे हिस्टरी, आर्केना (जादूचं ज्ञान) वगैरे, तिथे "तुला आठवत नाही" हे उत्तर मी जवळजवळ कधीच देत नाही. त्यानंतर बोलायला काही उरतच नाही. त्याऐवजी सर्वांना माहीत असेल तेवढी माहिती देतो आणि धोक्याचा बारकावा गाळतो, किंवा हे कोणाला माहीत असेल ते सांगतो, आणि तो माणूस शक्यतो गटाला नकोसा वाटणारा निवडतो. हुकलेल्या रोलवर खोटी माहिती द्यायचाही एक प्रघात आहे. मला तो आवडत नाही. खेळाडूने फाशावर ३ बघितलेला असतो, आपल्याला खोटं सांगितलंय हे त्याला ठाऊक असतं आणि आता त्याला ते खरं मानल्याचं नाटक करायचं असतं. खोटी माहिती द्यायचीच असेल तर रोल डीएमने गुपचूप टाकावा. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या २०१९ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत तशी सोय नियमातच आहे.

मन वळवण्याच्या चेकमध्ये हुकणं म्हणजे नकारच असं मी धरत नाही. बहुतेकदा त्याचा अर्थ "एवढ्यावर नाही". सेनापती सैन्य देईल, पण त्याचा भाऊ आधी सोडवून आणा. जे कुठल्याही रोलने होणार नाही त्यासाठी रोल घ्यायचाच नाही. राजा आपलं सिंहासन २० पडले म्हणून कोणाला देत नाही. ओघात सांगतो, २०१४ च्या नियमांप्रमाणे स्किल चेकवर २० म्हणजे हमखास यश आणि १ म्हणजे हमखास अपयश असं नाहीच. ते हल्ल्याच्या रोलसाठी आहे.

वर्णनाबद्दल माझा थोडा हट्ट आहे. रोल हुकला म्हणून पात्राला बावळट करू नका. ज्याचा मॉडिफायर +९ आहे तो या कामातला उस्ताद आहे. त्याच्या हातून अवजारं पडली, तो घसरला, त्याने चुकून घंटा वाजवली, असं दर वेळी सांगितलं की दोन सेशननंतर खेळाडूलाच आपल्या पात्राबद्दल आदर उरत नाही. अपयशाचं कारण परिस्थितीत शोधा. कुलपाच्या आत दुसरी साखळी निघाली, अशी रचना त्याने आजवर पाहिली नव्हती. पाऊस सुरू झाला आणि दगड निसरडे झाले. फाशावर १ पडला की हास्यास्पद फजिती करायची सवय तर मला अजिबात रुचत नाही. वीसपैकी एकदा अशी फजिती होणारा माणूस इतकी वर्षं चोर म्हणून जगलाच नसता. टेबलाचा सूरच विनोदी असेल तर गोष्ट निराळी.

आता "जमलं, पण किंमत मोजून" याबद्दल, कारण हल्ली हेच सगळ्या दुखण्यांवरचं औषध म्हणून सांगितलं जातं. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळामुळे ही पद्धत घरोघरी पोचली. तिथे दोन सहा-बाजूंचे फासे टाकतात. बेरीज १० किंवा जास्त आली तर पूर्ण यश, ७ ते ९ आली तर यश पण काहीतरी गुंता, ६ किंवा कमी आली तर डीएमची पाळी. मॉडिफायर +१ असेल तर ३६ पैकी १६ वेळा मधलाच निकाल येतो. म्हणजे त्या खेळाचं इंजिनच गुंत्यावर चालतं. वीस बाजूंच्या फाशाला असा मधला पट्टा नसतो. पण २०१४ च्या डीएम गाइडमध्ये एक ऐच्छिक नियम आहे: एक-दोनाने हुकलं तर काम होऊ द्या आणि काहीतरी किंमत लावा. मी तो सर्रास वापरतो.

पण प्रत्येक अपयशाला हाच उतारा देऊ लागलात तर दोन गोष्टी होतात. खेळाडूंना कळून चुकतं की दार काहीही झालं तरी उघडणारच, आणि रोलमधली भीती जाते. आणि तुम्हाला एका संध्याकाळी डझनभर नव्या भानगडी सुचवाव्या लागतात. प्रत्येक कुलपामागे एक पहारेकरी, प्रत्येक उडीमागे एक तुटलेला पूल. मूळ कथा त्या गर्दीत हरवते. शिवाय किंमत अपयशापेक्षा महाग पडली तर खेळाडू मनात म्हणतो, यापेक्षा सरळ हुकलं असतं तर बरं. म्हणून अधूनमधून साधं "नाही" देत जा. ही वाट संपली, दुसरी शोधा. दुसरी वाट खरोखर असली की त्या नकाराने काही अडत नाही.

या दोन्हींच्या मधलं माझं सर्वांत वापरातलं साधन म्हणजे क्लॉक. जॉन हार्पर यांच्या ब्लेड्स इन द डार्क या खेळामध्ये ते फार नेटकेपणाने आलंय. कागदावर एक वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि नाव द्यायचं, समजा "मनोरा सावध होतो". रोल हुकला की एक भाग रंगवायचा, जास्तच वाईट हुकला तर दोन. वर्तुळ भरलं की ती गोष्ट घडते. याचा मोठा फायदा असा की प्रत्येक अपयशाला नवी घटना शोधावी लागत नाही आणि तरीही एकही अपयश फुकट जात नाही. वर्तुळ सगळ्यांना दिसेल असं टेबलाच्या मध्यभागी ठेवा. पाचवा भाग रंगवला की "अजून थोडं शोधू या" म्हणणारा स्वतःच "चला, निघू या" म्हणतो.

डीसी मागाहून उतरवणं आणि आकडा फिरवणं, याबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत. काही टेबलांवर सगळ्यांना ते मान्य असतं. तिथे मी नाक खुपसणार नाही. माझ्या टेबलावर मी ते करत नाही. फासा पडल्यावर तो बदलावासा वाटला, याचा अर्थ त्या दोन निकालांपैकी एक मला मुळात चालणारच नव्हता, मग मी टाकायला का सांगितलं? त्याऐवजी आकडा तसाच ठेवून त्याचा अर्थ बदलता येतो. पडलेले ७ हे ७ च आहेत, पण ७ पडल्याने दार बंदच राहायला हवं असं कुठे ठरलं होतं?

एखाद्याचं दान सलग उलटं पडत असतं, त्याच्याकडेही लक्ष ठेवा. डंजन वर्ल्ड या खेळात दोन फाशांवर ६ किंवा कमी पडले की अनुभवाचा एक गुण मिळतो, ब्लेड्समध्ये जिवावर उदार होऊन केलेल्या रोलला मिळतो. फिफ्थ एडिशनमध्ये तसं काही नाही, पण इन्स्पिरेशन आहे, म्हणजे डीएमने बक्षीस द्यायची सवलत, जी पुढच्या एखाद्या रोलला वापरता येते. रोल हुकल्यावर जो स्वतःहून आपली अडचण वाढवून सांगतो, त्याला मी ते देतो. "हूक तुटलाच, पण तुटताना माझं बोटही कापलं आणि रक्ताचे थेंब उंबऱ्यावर पडले" असं कोणी म्हटलं तर मला पुढच्या दोन प्रसंगांचं सामान मिळालं.

राहिला प्रश्न ऐनवेळी काहीच न सुचण्याचा. सेशनच्या आधी मी एका चिठ्ठीवर चार-पाच गोष्टी लिहून ठेवतो. या जागी वेळ कशाने संपतोय, आवाज कोण ऐकेल, कोणाचा संयम सुटत चाललाय, गटाकडे तुटण्यासारखं किंवा संपण्यासारखं काय आहे. रोल हुकला की त्यातली एक ओढायची. चिठ्ठीही कोरडी निघाली तर सरळ त्या खेळाडूला विचारा, "काय बिघडलं असेल?" बरेचदा तो स्वतःवर तुमच्यापेक्षा कठोर असतो. तेही नाही जमलं, तर सगळ्यांना पाच मिनिटं पाय मोकळे करायला पाठवा आणि तेवढ्यात ठरवा. खेळाडू तक्रार करत नाहीत.